जपानी बागेतलं डोहाळजेवण

स्वयंपाकघरात डब्याचं झाकण पडलं. मोठ्या डब्याचं, स्टीलचं. फरशीवर खणकन आपटलं, कडेवर उभं राहून गरगरत राहिलं आणि मग थरथरत आडवं झालं. घर पुन्हा गप्प झालं.

मी डाव्या कुशीवर पडून, दोन्ही हात पोटावर ठेवून वाट बघत होते. एरवी असा आवाज झाला की बाळ दचकायचं. शेजाऱ्यांनी दार आपटलं तरी आतून कोपर मारल्यासारखं व्हायचं. मी श्वास धरला. काहीच नाही.

“झोप गं तू,” आई आतून म्हणाल्या. “काही नाही, झाकण पडलं.”

आई म्हणजे माझ्या सासूबाई. त्या दिवशी माझं डोहाळजेवण होतं, म्हणून पहाटे उठून त्या आवाज न करता स्वयंपाक करत होत्या. आवाज न करता स्वयंपाक करणं किती अवघड असतं ते आमच्या घरात राहिल्याशिवाय कळायचं नाही. कढईत झारा ठेवतानाही त्या पाळण्यात मूल ठेवावं तसा ठेवत.

सातवा महिना होता. आदल्या संध्याकाळी बाळ हललेलं मला आठवत होतं. रात्री झोप लागली, आणि जाग आल्यापासून पोट नुसतं भरून ठेवलेल्या हंड्यासारखं होतं, जराही न हिंदकळणारं.

मी बाथरूममध्ये गेले, नळ मोठा सोडला आणि डॉक्टर सबनीसबाईंना फोन लावला.

“घाबरू नका,” त्या म्हणाल्या. “झोपलेलंही असतं कधीकधी. काहीतरी गोड खा, गार पाणी प्या आणि शांत ठिकाणी डाव्या कुशीवर पडून राहा. गप्पा नकोत, गोंगाट नको. लक्ष फक्त बाळाकडे. दोन-तीन तासांत हललं नाही तर वाट बघायची नाही, सरळ माझ्याकडे यायचं.”

“आज डोहाळजेवण आहे माझं.”

“घरी?”

“जपानी बागेत.”

“मग उत्तमच की,” डॉक्टर म्हणाल्या. “सबंध पुण्यात तेवढी शांत जागा नसेल.”

घरात मी कुणाला सांगितलं नाही. मागच्या खेपेला सांगितलं होतं. दीड वर्षापूर्वी, पाचव्या महिन्यात, चोरओटी भरली त्याच आठवड्यात. तेव्हा मी सगळ्यांत आधी आईंना सांगितलं, आईंनी माझ्या नवऱ्याला, श्रीरंगला सांगितलं, श्रीरंगनं गाडी काढली आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तशीच परत आलो. त्यानंतर घरात सगळे हळू बोलायला लागले. दारं हळू लावायला लागले. मी खोलीत आले की बोलणं थांबायचं आणि कुणीतरी पंखा कमी-जास्त करायचं. पुन्हा ते घर मला नको होतं. सांगितलं की ते खरं होतं, असं मला वाटायचं.

या खेपेला डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, “शांत राहा.” तेव्हापासून माझ्या शांततेवरून आमच्या घरात रोज भांडणं होत. सासरे सकाळी ओंकाराची ध्वनिफीत लावत. श्रीरंग मोबाइलवर समुद्राच्या लाटा लावे. दोन्ही एकदम सुरू झालं की आई येऊन दोन्ही बंद करत आणि “तिला जरा शांत राहू द्या” असं वरच्या पट्टीत सांगत. चोरओटी त्यांनी या वेळी भरली नाही. “नको,” एवढंच म्हणाल्या, आणि विषय डाळीकडे नेला. डोहाळजेवणही टाळलं असतं, पण त्यांची बहीण, कुमुदमावशी, टाळू देणाऱ्यांतली नव्हती.

“झोपाळ्यावरचं सगळे करतात. नावेतलं म्हणजे पुठ्ठ्याची नाव आणायची आणि पोटुशीनं त्यात पाय दुमडून बसायचं. बागेतलं करू या,” मावशी म्हणाल्या. “तीही जपानी बाग. हिच्या डोक्याला शांतता, आपल्याला सावली. पाचच सवाष्णी. बोभाटा नाही.”

तर अशा आम्ही निघालो. मी हिरव्या साडीत, आई, कुमुदमावशी आणि मावशींच्या भजनी मंडळातल्या दोघी. पाचवी सवाष्ण म्हणून खालच्या मजल्यावरच्या काकू येणार होत्या, त्यांचा सकाळीच घसा बसला. श्रीरंगनं आम्हाला बागेच्या फाटकाशी उतरवलं आणि “गाडी लावून आलोच” असं म्हणून तो गेला. हे वाक्य तो पुण्यात, रविवारी सकाळी बोलत होता, हे आमच्यापैकी कुणी मनावर घेतलं नाही.

फाटकाशी पाटी होती. गवतावर बसू नये, फुले तोडू नयेत, खाद्यपदार्थ आणू नयेत, माशांना काही टाकू नये, दगडांवर चढू नये, समूहाने कार्यक्रम करू नयेत, आणि सगळ्यांत खाली ठसठशीत अक्षरांत: शांततेचा आनंद घ्यावा. पाटीखाली खाकी शर्ट घातलेली एक रखवालदारीण उभी होती. गळ्यात शिट्टी, कपाळावर ठसठशीत कुंकू.

“पिशवीत काय आहे?” तिनं विचारलं.

“औषधं,” मावशी म्हणाल्या. “हिचे दिवस भरत आलेत ना.”

“नारळ दिसतोय.”

“डॉक्टरांनी नारळपाणी सांगितलंय.”

बाईनं माझ्या पोटाकडे पाहिलं, मग नारळाकडे. सोललेला, शेंडीवाला नारळ होता. “आत खाऊ नका,” ती म्हणाली आणि पलीकडे तलावाच्या कठड्यावर पाय टाकलेल्या एका मुलाकडे बघून शिट्टी वाजवत निघून गेली.

बाग सुंदर होती, खोटं कशाला सांगू. लाल रंगाचा बुटका पूल, त्याखाली जाड, आळशी मासे. कातरून गोल केलेली झुडपं. एका टेकाडावरून दगडांमधून पाणी उतरत होतं. भिंतीपलीकडे उड्डाणपूल होता आणि त्याच्यावरून पुणं हॉर्न वाजवत चाललं होतं. अलीकडे हास्यक्लब. पांढऱ्या टोप्यांतले काका-काकू हात वर करून हसत होते, थांबत होते, नेत्याच्या इशाऱ्यावर परत हसत होते. पुलावर लग्न ठरलेल्या एका जोडप्याचे फोटो चालले होते. “सर, मॅडमकडे शांतपणे बघा,” फोटोवाला ओरडत होता. “अजून शांतपणे.”

“मी जरा एकटी बसते,” मी आईंना म्हटलं. “पाचच मिनिटं.”

“बस की,” आई म्हणाल्या. माझ्या हातातली वाट्यांची पिशवी त्यांनी घेतली नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

बांबूंच्या मागे एक बाक होता. मी बसले, बाटलीतलं पाणी प्यायले. गोड काही नव्हतं. म्हणजे होतं, पिशवीत दोन वाट्या होत्या, रुमालात बांधलेल्या, वरून दुसऱ्या वाट्या झाकलेल्या. एकीत पेढा, एकीत बर्फी. डोहाळजेवणात गर्भारणीपुढे झाकलेल्या ठेवायच्या आणि तिनं एक उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. मी एक रुमाल सोडला, आत होतं ते तोंडात टाकलं, वाटी झाकली, रुमाल परत बांधला. काय खाल्लं तेही कळलं नाही, नुसतं गोड लागलं. मग बाकावर डाव्या कुशीवर आडवी झाले.

डोळे मिटले. लक्ष फक्त बाळाकडे. हास्यक्लब हसला. पाणी, हॉर्न, परत हसला. मी आत आत ऐकायचा प्रयत्न करत होते, आणि मला फक्त माझंच रक्त कानात ऐकू येत होतं. “हल ना,” मी मनात म्हटलं. “एकदा. मग दिवसभर झोप.”

लांबून शिट्टी वाजली.

“ओ मॅडम,” ती रखवालदारीण पुलावरून हात हलवत होती. “बाकावर झोपायचं नाही. बसायला आहे तो.”

मी उठून बसले. त्या अख्ख्या बागेत डाव्या कुशीवर पडायला जागा नव्हती.

परत आले तेव्हा लाकडी छपरीखाली आईंनी चटई टाकून वर घडीचा पाट मांडला होता. मला बसवलं. निशिगंधाचे बाजूबंद, शेवंतीचा मुकुट, गुलाबांचा कंबरपट्टा माझ्यावर चढायला लागला. भजनी मंडळातल्या दोघी हळू आवाजात डोहाळे म्हणत होत्या.

“जरा मोठ्यानं म्हणा की,” आई म्हणाल्या. “मेल्यासारख्या काय म्हणता.”

“अगं शैला, पाटी वाचलीस ना,” मावशी म्हणाल्या.

“वाचली. मोठ्यानं म्हणा.”

मी आईंकडे बघितलं. सबंध सात महिने ज्या बाईनं माझ्यासाठी शेजारच्यांच्या मिक्सरवरून भांडण केलं होतं, तिला आजच आवाज हवा होता. “आई, हळू म्हणू देत ना,” मी म्हटलं. “माझं डोकं दुखतंय.”

“डोक्याला काही होत नाही,” त्या म्हणाल्या आणि स्वतः टाळ्या वाजवून म्हणायला लागल्या. आईंचा आवाज गाण्याचा नाही. भाजीवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून थांबवण्याचा आहे. हास्यक्लब हसायचा थांबला.

रखवालदारीण आलीच. तिनं गाण्याकडे दुर्लक्ष केलं, चटईकडे केलं, नारळाकडेही केलं. सरळ माझ्या डोक्याकडे बोट दाखवलं.

“ही फुलं कुठून तोडली?”

“तोडली?” मावशी म्हणाल्या. “मंडईतनं आणलीत. दीडशे रुपये पाव.”

“सगळे तसंच म्हणतात.”

“अगं बाई, तुमच्या बागेत निशिगंध आहे का? आहे का एक तरी? नुसते दगड आणि झुडपं. गुलाब दाखव मला एक.”

“मला काय माहीत नाही. साहेब बघतील तर माझ्यावर येईल. चला, उठा. कार्यक्रम चालत नाही इथं.”

“कार्यक्रम कुठाय?” मावशी म्हणाल्या. “ही बसलीय. आम्ही उभ्या आहोत.”

“आणि गाताय ते?”

“शांततेचा आनंद घेतोय.”

रखवालदारणीला हसू आलं, तिनं ते शिट्टीमागे दाबलं. तेवढ्यात आईंनी विचारलं, “तुझं नाव काय गं?”

“वंदना.”

“नवरा काय करतो?”

“रिक्षा आहे.”

“मुलं?”

“दोन हायेत. का?”

“बस मग,” आई म्हणाल्या. “आम्हाला एक सवाष्ण कमी पडतेय. तू ओटी भर, आम्ही लगेच उठतो. पाच झाल्याशिवाय मी इथून हलणार नाही, शिट्टी वाजव नाहीतर साहेबाला बोलव.”

वंदनानं इकडेतिकडे पाहिलं. “लवकर करा,” ती म्हणाली. “बाग बंद करायची वेळ झालीय. दुपारी बंद असते.”

“ही खरी चोरओटी,” मावशी म्हणाल्या आणि जीभ चावली. कुणीच हसलं नाही.

आईंनी घाईनं वाट्या माझ्यापुढे ठेवल्या. दोन रुमाल, दोन झाकलेल्या वाट्या. मला तेव्हा आठवलं. कुठली, ते मात्र आठवेना. गाठी सारख्याच होत्या.

“उचल,” मावशी म्हणाल्या. “मनात काही आणू नकोस, नुसती उचल.”

मी डावीकडची उघडली. रिकामी.

बागेत पहिल्यांदाच शांतता झाली. भजनी मंडळातल्या एकीचा हात टाळीच्या अर्ध्यात राहिला. वंदनानंही वाकून वाटीत पाहिलं. मला ठाऊक होतं की आतला ऐवज मीच खाल्लाय, अर्ध्या तासापूर्वी, बांबूमागे. तरी मी त्या वाटीच्या चकचकीत बुडाकडे बघत राहिले.

“मी खाल्ला,” आई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“माझी साखर उतरली होती. आल्या आल्या पिशवीतनं काढून खाल्ला. सांगायचं राहिलं.”

“शैला, तुला साखर कधीपासून आहे?” मावशींनी विचारलं.

“आजपासून,” आई म्हणाल्या. “दुसरी उघड.”

दुसऱ्या वाटीत बर्फी होती. पण कुणी मुलगी-मुलगी असं ओरडलं नाही. मी आईंकडे बघत होते आणि त्या माझ्याकडे बघायचं टाळत तांदूळ मोजून घेत असल्यासारखं करत होत्या. या बाई खोटं का बोलल्या, तेवढा विचार करायचं त्राण माझ्यात नव्हतं. मला इतकंच कळत होतं की सकाळ संपत आली आहे आणि पोट अजून तसंच आहे, गप्प.

मी पर्समधून फोन काढला. “श्रीरंग, गाडी घेऊन फाटकाशी ये. आत्ता.”

“अगं आत्ता एक जागा दिसतेय,” तो म्हणाला. “एक बाई निघेल असं वाटतंय, आरशात लिपस्टिक लावतेय. झालं काय?”

“काही नाही. ये तू.”

“उल्का, पुन्हा पुलाखालून वळून यावं लागेल गं. वीस मिनिटं तरी.”

मी उठायला लागले. फुलांचा कंबरपट्टा एका बाजूनं सुटला. “आई, मला जायचंय. रिक्षानं जाऊ.”

“ओटी भरून निघू,” त्या म्हणाल्या.

“मला आत्ता जायचंय.”

“निघू या गं. पाच ओंजळी. बस.” त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून मला परत पाटावर बसवलं. जोर लावून बसवलं. मला त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. आत माझं मूल गप्प होऊन बसलंय आणि या बाईला पाच ओंजळी हव्यात.

आईंनी भरली. मावशींनी भरली. त्या दोघींनी भरली. हळदकुंकू, खण, तांदूळ. आई मोठ्यानं म्हणतच होत्या आणि त्यांचा आवाज मध्येच फाटत होता. मग वंदना पुढे आली. तिनं चपला काढल्या, कपाळाला कपाळ लागेल एवढं वाकून माझ्या पदरात नारळ ठेवला आणि ओंजळ भरून तांदूळ घेतले. शिट्टी गळ्यातून पुढे लोंबायला लागली, मध्ये येऊ नये म्हणून तिनं ती दातांत धरली.

त्याच वेळी पुलावरचा नवरदेव फोटोसाठी पुलाशेजारच्या कमरेएवढ्या शोभेच्या दगडी दिव्यावर चढला.

वंदनाला ते तिरप्या नजरेनं दिसलं. हात तांदळानं भरलेले, ओटी अर्धी भरलेली, सोडता येत नव्हती. तिनं वाकल्या वाकल्या, माझ्या पोटाच्या टीचभर अंतरावर, जीव खाऊन शिट्टी वाजवली.

बंदुकीच्या नळीतून गोळी सुटावी तशी ती शिट्टी होती. माझे कान बधिर झाले. हास्यक्लबातल्या एका काकांनी टोपी धरली. नवरदेव दिव्यावरून उतरला की पडला, ते मी पाहिलं नाही. कारण माझ्या पदरातला नारळ हलला.

आधी मला वाटलं, मीच दचकले. मग परत हलला. आतून एक जोराची लाथ बसली, बरगडीखाली, रागावलेली, आणि तिच्यामागून दुसरी. नारळ पदरातून घरंगळला, पाटावर आपटला आणि चटईवर गेला. तांदूळ सांडले. वंदनानं शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाली, “आई गं, लागलं का काय ताई?”

मी दोन्ही हातांनी पोट धरलं होतं आणि आत चाललं होतं ते सबंध हास्यक्लबाला पुरलं असतं.

आई माझ्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. त्यांच्या ओठांवर घाम होता. त्यांनी अगदी हळू, घरातल्या त्या जुन्या आवाजात विचारलं, “हललं?”

मी मान हलवली.

“कुठे?”

मी त्यांचा हात उचलून बरगडीखाली ठेवला. त्यांनी तो तिथे तसाच ठेवला, बराच वेळ.

“तुम्हाला कसं कळलं?” मी विचारलं.

“पहाटेपासून तुझा हात पोटावरून निघालेला नाही. आणि बाथरूममध्ये नळ इतका वेळ कोण सोडून ठेवतं? पाणी कपातीचे दिवस आहेत.” त्यांनी पदरानं ओठ पुसले. “म्हणून तर म्हटलं मोठ्यानं म्हणा. एवढं बोंबललो आम्ही, तिला काही ढिम्म नाही.”

“मग मला विचारलं का नाहीत?”

“तू सांगितलं नाहीस. मी विचारलं असतं आणि तू हो म्हणाली असतीस, तर?” त्यांनी सांडलेले तांदूळ चटईवरून गोळा करायला सुरुवात केली. “ओटी भरेपर्यंत थांबू, म्हटलं. मागच्या वेळी भरली आणि तसं झालं, म्हणून या वेळी नाही भरली. तर आता न भरल्यामुळे होतंय की काय, असं वाटायला लागलं. काय करावं ते कळेना गं मला. आणि रिक्षात बसवून नेलं असतं तर सबंध रस्ताभर तुझ्याकडे बघत बसावं लागलं असतं.”

सात महिने आम्ही दोघी एका घरात एकाच भीतीला एकमेकींपासून लपवत होतो. मी शांतता शोधत होते, कारण मला तिचं हलणं ऐकायचं होतं. त्या गोंगाट करत होत्या, कारण त्यांना तिला उठवायचं होतं. आणि दोघी एकमेकींवर चिडलेल्या होतो.

“पेढा तू खाल्लास ना?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“वाटलंच. म्हणून तर पिशवी तुझ्याकडेच ठेवली. डॉक्टर गोड खा म्हणतात अशा वेळी, मला माहितीय. श्रीरंगच्या वेळी मी गुळाचा खडा खाल्ला होता.”

मग ती वेळ आली जिच्यासाठी लोक तिकीट काढून त्या बागेत येतात. हास्यक्लब पांगला होता. जोडपं गेलं होतं. आईंचा हात माझ्या पोटावर, माझा हात त्यांच्या हातावर, आत कुणीतरी कुशी बदलतंय. पाण्याचाही आवाज नव्हता. हॉर्नसुद्धा दूर गेल्यासारखे. पानन् पान उन्हात स्तब्ध. इतकं गाढ, इतकं स्वच्छ निवांतपण मी आयुष्यात अनुभवलं नव्हतं. मी वंदनाला म्हटलं, “किती शांत वाटतंय नाही आत्ता.”

“पंप बंद केला ना,” ती म्हणाली. “दुपारी करतात. चला आता ताई, खरंच चला.”

तिला आम्ही खण-नारळ दिला. तिनं तो शर्टाच्या आत लपवला, कारण बागेत कार्यक्रम चालत नाहीत. फाटकाशी श्रीरंग घामाघूम होऊन तिकीट काढत होता. त्याला जागा मिळाली होती. आम्ही त्याला तसाच वळवला आणि डॉक्टर सबनीसबाईंकडे नेला. त्यांनी पोटावर यंत्र ठेवलं, खोलीभर घोडा दौडावा तसा आवाज भरला. “छान आहे,” त्या म्हणाल्या. “बघा, मी म्हटलं नव्हतं? शांत जागी गेलं की बाळ बरोबर हलतं.”

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी आईंकडे. आम्ही दोघींनी “हो डॉक्टर” म्हटलं.

शाल्मली आता सहा वर्षांची आहे. ही तिची लाडकी गोष्ट. आमच्यापैकी प्रत्येकाची ती वेगळी आहे. श्रीरंगच्या गोष्टीत मुख्य पात्र ती लिपस्टिकवाली बाई असते. मावशींच्या गोष्टीत निशिगंधाचा भाव दर वर्षी चढतो. शाल्मलीला आजीची गोष्ट आवडते, कारण आजी शिट्टीही वाजवून दाखवते. आमच्या सगळ्यांच्या गोष्टींत एक जागा आम्ही न ठरवता ओलांडून जातो, रस्त्यातल्या खड्ड्याला वळसा घालावा तशी, आणि आजवर तिनं कधी ते ओळखलं नव्हतं.

परवा दुपारी आई आणि ती मटार सोलत बसल्या होत्या. मी दारात उभी होते, शाल्मलीच्या गृहपाठाच्या दोन ओळी लिहून झाल्या का ते बघायला आलेली. आई रंगात आल्या होत्या. “मी इतक्या मोठ्यानं गात होते, इतक्या मोठ्यानं, आणि तू आपली गप्प. म्हटलं, मागच्यासारखं होतंय की काय.”

शेंग त्यांच्या हातात अर्धी उघडी राहिली.

“मागच्यासारखं म्हणजे?” शाल्मलीनं विचारलं.

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी आत आले, त्यांच्याशेजारी बसले आणि परातीतून एक शेंग घेतली.

“तुझ्या आधी माझ्या पोटात एक बाळ होतं,” मी म्हटलं. “ते आलं नाही.”

“का?”

“तेही असंच हलायचं थांबलं होतं.”

तिनं विचार केला. मटाराचे दोन दाणे खाल्ले. आईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अगदी साधेपणानं, राग नाही की काही नाही, विचारलं, “मग त्याच्यासाठी कुणी शिट्टी का नाही वाजवली?”